मागच्या पानावरची यादी

११ फेब्रुवारी, मंगळवार

आणि वर मलाच म्हणते, तुम्ही हवेत बोलता! मी! दोन वर्षं चार महिने टेबलं उचलून खांद्याला घट्टे पडले, ते काय हवेत पडले? म्हटलं, करार बदलणार आहे, इथे जो तो तेच बोलतोय, तू ती नोकरी घेऊ नकोस. तर म्हणे, "आधी बदलू दे, मग बघू." मागच्या रविवारी बघू, त्याच्या मागच्या रविवारी बघू! मी तोंड उघडायच्या आत हिचं बघू तयार. फोन ठेवला की मला सुचतं काय बोलायला हवं होतं. मग इथे लिहायचं.

नोकरी म्हणजे काय, तर दवाखान्यात ऑपरेशनची हत्यारं उकळायची, पुसायची, मोजून ट्रेमध्ये लावायची. कायमची जागा आहे, मान्य. पंधरा मार्चपर्यंत हो-नाही कळवायचं. पण एकदा हो म्हटलं की तीन वर्षं सोडायची नाही, तसं लिहून घेतात. आणि मधेच इकडे यायची परवानगी मिळाली तर? ही तिकडे कात्र्या मोजत बसणार आणि मी इकडे खुर्च्या!

सगळ्या भांडणाचं मूळ ते चौदावं कलम. दोन सरकारांनी मिळून करार केला, त्याच कराराखाली आम्ही सगळे इथे आलो. चौदाव्यात कामगारांच्या दोन याद्या आहेत. पहिल्या यादीतल्या धंद्याचा माणूस एक वर्ष काम केलं की बायकापोरं आणू शकतो. दुसऱ्या यादीतला — सहा वर्षांनी. मी दुसऱ्या. चिमी पोटात होती तेव्हा निघालो, आता ती धावते. फोनलाच बाबा म्हणते. परवा फोन चार्जिंगला लावला तर रडायला लागली, बाबाला दोरीने बांधलं म्हणून.

आणि मी म्हणे हवेत बोलतो.

१२ फेब्रुवारी

खरं निघालं!! सोमवारपासून आमच्याच सभागृहांच्या इमारतीत, हॉल नंबर दोन. आमच्या सरकारची माणसं येतायत, चौदाव्यावर पुन्हा बोलायला. आणि हॉल दोनची मांडणी कोणाकडे? माझ्याकडे!

१६ फेब्रुवारी, रविवार

रविवार असून कामावर. पण आज तक्रार नाही.

समोरासमोर दोन लांब टेबलं, हिरवी चादर, मधलं अंतर टेपने मोजून — दोन्ही टोकांना सारखं. झेंडे सारख्या उंचीचे. मुकादम काठी लावून बघतो. एक बोटभर जरी वर-खाली झाला तर म्हणे बोलणी मोडतात. मुकादम इथलाच, त्याला आमच्या भाषेतले दोनच शब्द येतात — चल आणि उचल. अडीच वर्षांत तिसऱ्याची गरज पडली नाही. आज मात्र त्याने खुणेने सांगितलं, खिडकीसमोरच्या बाजूला ऊन डोळ्यांवर येतं, म्हणून रोज बाजू बदलायच्या. आज यांना ऊन, उद्या त्यांना. म्हणजे रोज झेंडे, पाट्या, पाणी, सगळं इकडचं तिकडे. चालेल! रोज दहा वेळा फिरवतो, फक्त सही करा लेको.

मधे एक छोटं टेबल. त्यावर करार. मूळ प्रत! जाड पुठ्ठा, लाल फीत, लाखेचे दोन शिक्के. ती कपाटातून आणून ठेवायचं काम माझं. मुकादम पाण्याच्या बाटल्या मोजायला गेला आणि मी मागचं पान उलगडलं. दोन भाषांत आहे, उजवीकडे आपली. पहिली यादी — डॉक्टर, नर्स, इंजिनियर, क्रेनवाला, असे अकरा. दुसरी यादी — बोट फिरवत आलो. नववा, सुतार. म्हणजे माझ्या खोलीतले मिस्त्री. सतरावा — हमाल व मांडणी कामगार.

मी! आता, नाव नाही लिहिलेलं. पण लाखेच्या शिक्क्याखाली मी आहे.  पान सरळ केलं, फीत होती तशी बांधली.

बाहेर येऊन हिला फोन लावला. पासपोर्ट काढ, म्हटलं. आजच अर्ज कर. म्हणे, बघू.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काय दिवस! सकाळपासून पायात भिंगरी.

आधी हेडफोनचं लिहितो. प्रत्येक खुर्चीवर एक हेडफोन, एक नंबरचं बटण त्यांची भाषा, दोन नंबरचं आपली. काचेच्या खोलीत दुभाषी बाई बसते आणि जे बोललं जाईल ते लगेच फिरवून बोलते. एखादा हेडफोन बंद पडला तर पळत जाऊन दुसरा द्यायचा, आणि तो चालतोय की नाही हे आधी कानाला लावून बघायचं. मग मी एक कानाला लावला. दोन नंबर. आणि काढ म्हणून कोणी सांगितलं नाही!

आमच्या बाजूला मोठे साहेब. जाड, बोलण्याआधी दोनदा खोकतात. त्यांच्या शेजारी चष्मेवाला, तरुण, कागद सरकवत बसतो. त्यांच्या बाजूला एक बाई. केस पांढरेशुभ्र, चकाकणारे. मी तिचं नाव चांदीबाई ठेवलं. ती आली, टेबलावरून बोट फिरवलं, धूळ आहे का बघितली. नव्हती! असणार कशी, तीनदा पुसलं होतं.

साहेब खोकले आणि म्हणाले, चौदाव्या कलमावर फेरविचार व्हावा. सहा वर्षं फार होतात. संसार मोडतायत, आकडे आहेत आमच्याकडे. मला वाटलं उठून टाळी द्यावी.

चांदीबाई जराही रागावली नाही. म्हणाली, (दुभाषी बाईच्या तोंडून, ती सगळं गाडीचं वेळापत्रक सांगितल्यासारखं सांगते) "चौदावं उघडू या. मग नववंही उघडू. तेरावंही उघडू."

आमच्या बाजूचे सगळे एकदम पाणी प्यायले. अकरा बाटल्या पुन्हा भराव्या लागल्या.

जेवणाच्या सुट्टीत मिस्त्रींना गाठलं. ते माझ्याच खोलीत राहतात, याच इमारतीच्या मागे त्यांची कार्यशाळा. पन्नाशीचे, खरे सुतार, बापही सुतार. इथे यायला त्यांना मधल्या दलालांना बरेच पैसे चारावे लागले, आणि आता तीन वर्षं बायको तिकडे, हे इकडे. सगळं सांगितलं. त्यांनी रंधा थांबवला नाही. म्हणाले, "सरस वाळल्यावर कपाटाचा एक सांधा सैल करून बघ लेका. एकटा तो निघत नाही. सगळं डुगडुगतं."

म्हटलं, "मिस्त्री, तुम्ही पण ना! जरा चांगलं बोला."

"चांगलंच बोललो. कपाटाबद्दल."

२० फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस तेच. आम्ही चौदावं म्हणतो, ती नववं म्हणते. आज चष्मेवाल्याला जिन्यात पकडला. मोबाइलवर सिगारेटची राख पडली म्हणून पुसत होता. मी फडकं पुढे केलं. म्हटलं, साहेब, एक विचारू? नववं उघडलं तर काय होतं?

"नवव्यात तुमचा दवाखाना फुकट आहे," म्हणाला. "तेराव्यात पहिल्यांदा येण्याचं आणि शेवटी परत जाण्याचं भाडं मालकाने द्यायचं आहे. हे आम्ही कसं मिळवलं ठाऊक आहे? चौदाव्यात सहा वर्षांना मान डोलावून. तेव्हा घेतलं आणि आता दिलेलं परत मागतोय. ती बरी देईल!"

"मग जरा जोर लावा ना साहेब."

हसला. "जोर लावून तिने हो म्हटलं, तरी काय? एक शब्द बदलला तरी तो दोन्ही संसदांत जायचा. आमच्याकडे पाचशे माणसं, त्यांच्याकडे चारशे. पहिल्या वेळी दोन वर्षं लागली, आणि तेव्हा सगळ्यांना करार हवा होता. आता त्यांच्यातल्या निम्म्यांना तो मोडायलाच हवाय. एकदा त्यांच्यापुढे उघडा टाकला की परत मिटेल याची खात्री कोण देणार? वरातीमागून घोडं घेऊन निघालोय आपण."

मी भडकलो. म्हटलं, सही करायच्या आधी आम्हाला कोणी विचारलं होतं? चष्मेवाल्याने सिगारेट विझवली. मग हळूच म्हणाला, "मुख्य करार हलत नाही. पण मागच्या पानावरची यादी हलते. वर्षातून एकदा, दोन सह्यांवर. संसद नको, काही नको. ते बघतोय आम्ही."

मागचं पान! मी पाहिलंय ते पान! माझ्या हाताने उलगडलंय!

तीन-तीन पायऱ्या एकदम उतरलो. मुकादम ओरडला, चल. चल तर चल!

२१ फेब्रुवारी

काही नाही. दिवसभर चहा आणि खोकला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज झालं. आज झालं!!

साहेबांनी सहा धंदे मागितले. चांदीबाई म्हणाली एक. साहेब चारवर आले. ती एकवरच. दोन तास. मी भिंतीला पाठ लावून, हेडफोन कानात, हाताच्या मुठी आवळलेल्या. हमाल म्हणा, हमाल म्हणा! साहेबांनी म्हटलंही. चांदीबाईने कागद बघितला — "ते अठ्ठावीसशे आहेत. अशक्य." संपलं. एका वाक्यात मी संपलो. 

मग ती म्हणाली, "सुतार किती आहेत?" तिच्या माणसाने कान धरून सांगितलं. (म्हणजे तिच्या कानात.) "चाळीस. चाळीस चालतील. सुतार पहिल्या यादीत घेऊ. तेरा मार्चला सह्या."

सुतार! आमचे मिस्त्री! आणि — मी हे तिथेच, उभ्या उभ्याच ठरवलं — मी. धंदा बदलता येतो! धंदा-कचेरीत परीक्षा असते, लाकडाचा एक सांधा करून दाखवायचा, शिक्का मारून नवीन कार्ड देतात. गेल्या वर्षी आमच्यातला एक न्हावी वेल्डर झाला. मग मी सुतार का नाही?

खोलीवर येईपर्यंत पोटात राहिना. जिन्यात ड्रायव्हर भेटला, त्याला सांगितलं. त्यालाही बायको आहे बिचाऱ्याला. खानावळीत रांगेत पुढे-मागे दोघे होते, त्यांना सांगितलं. हळू आवाजात. आणि एक त्या न्हाव्या-वेल्डरला. चौघेच. बस.

२६ फेब्रुवारी

मिस्त्रींना काल सांगितलं. पटाशीची धार पुसत बसले, पुसलेलीच पुन्हा पुसली. मग म्हणाले, "घरी अजून कळवत नाही. सही होऊ दे." डोळे मात्र लहान मुलासारखे झाले होते.

मग मी माझा बेत सांगितला. आधी हसले. "तू सुतार? तुझा खिळासुद्धा रस्ता विचारत विचारत जातो!" पण म्हणाले, शिकवतो. आणि पाठोपाठ — "हे बघ पोरा. बाईने हो का म्हटलं? चाळीस आहेत म्हणून. तू एक्केचाळिसावा, खपून जाशील. पण बाहेर बोलू नकोस. चाळिसांच्या होडीत चारशे चढले तर कोणीच पलीकडे जात नाही. कोणाला बोलला नाहीस ना?"

म्हटलं, नाही.

का म्हटलं? निघून गेलं तोंडातून. आणि चौघेच तर आहेत.

२ मार्च, रविवार

चौघांचे किती झाले देव जाणे!

आज सकाळी उठलो तर वसतिगृहाच्या मागच्या अंगणात ठक ठक ठक. ड्रायव्हर, न्हावी-वेल्डर, रंगारी, तीन भांडी घासणारे, एक माळी — सगळे लाकूड कोरतायत. मालाबरोबर आलेल्या लाकडी फळ्या नेहमी कुंपणाजवळ पडून असतात, त्यातली एकही शिल्लक नाही. खानावळीतल्या दोन बाकांचे पाय गेले. जेवताना आम्ही उतारावर बसल्यासारखे बसलो. माळी म्हणतो, "झाडं तर मी आयुष्यभर कापली, मी अर्धा सुतारच." रंगारी म्हणतो, "मी दारं रंगवली, दार मला ओळखतं."

हसून हसून पोट दुखलं. पण मधेच मिस्त्री अंगणाच्या दारात दिसले. उभे राहून सगळ्यांकडे बघत होते. मग माझ्याकडे बघितलं. मी खाली बघून कुसू कोरायला लागलो. कुसू म्हणजे एका लाकडाची जीभ, ती दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसली पाहिजे. हात लागला तर हलता कामा नये. माझी डुलते. सहा केल्या, सहाही डुलतात. तळहात सोलवटले, रक्त आलं. फिकीर नाही! बुधवारी परीक्षा.

हिला फोन केला. यादीचं सगळं सांगितलं, सुतारांचं, तेरा तारखेचं. म्हटलं, दवाखान्याला नाही कळव. आज "बघू" म्हणाली नाही! नुसतं हं म्हणाली. म्हणे उद्या लवकर उठायचंय, ठेवते. चिमीने मागून आवाज दिला, बाबा बंद कर.

५ मार्च, बुधवार

झालो. झालो झालो झालो!

धंदा-कचेरीबाहेर रांग रस्त्यापर्यंत. आमच्यातलेच सगळे, प्रत्येकाच्या काखेत लाकूड. येणारेजाणारे बघत होते, यांच्यात कोणी मेलंय की काय. परीक्षा घेणारा म्हातारा, डोळ्याला भिंग लावलेलं. माझा नंबर आला तेव्हा दुपारचे तीन. गुण्या लावला, रेघ मारली, करवत, पटाशी — मिस्त्रींचा आवाज डोक्यात, "घाई करू नको, लाकूड पळून जात नाही." सांधा बसवला. म्हाताऱ्याने हलवून बघितला. हलला नाही! मी रात्री तीनदा स्वप्नात बसवला होता, चौथ्यांदा खरा बसला.

खिडकीवरच्या, आमच्याकडच्याच कारकुनाने कागद पुढे केला. "जुना धंदा सोडला, नवा घेतला. इथे सही." सहीच्या वर बारीक अक्षरं होती, आठ-दहा ओळी. मागे सत्तर माणसं उभी. सही ठोकली. त्याने शिक्का ठोकला. नवीन कार्ड — सुतार.

येताना दिसेल त्या दाराची चौकट नीट बघत आलो. निम्म्यांचे सांधे भिकार आहेत! आमच्या धंद्यात अशी माणसं शिरलीत.

९ मार्च, रविवार

हिला कार्डाचा फोटो पाठवला. म्हणाली, "फोटोत वाळलात." म्हटलं, तू पासपोर्टचं बोल. म्हणाली, "तुम्ही खूश आहात ना? मग झालं तर." दवाखान्याला नाही कळवलंस ना? "अहो, हो हो, ते मी बघितलं."

बघितलं! बघू नाही — बघितलं! ही बाई वळली एकदाची. मी चिमीसाठी खाट करणार. मिस्त्री म्हणाले, आधी पाट कर. ते माझ्याशी हल्ली कमी बोलतात. अंगणातल्या ठकठकीचा आवाज आला की खिडकी लावून घेतात.

१३ मार्च, गुरुवार

सगळं नीट लिहायचं. 

सह्यांचा दिवस म्हणून मी नवीन चादर घातली. दोन पेनं, दोन्ही सारखी, दोन्हीची टोकं एकाच बाजूला. करार आणून ठेवला. फीत सोडून मागचं पान वर. ऊन आज आमच्या बाजूला होतं.

चांदीबाई बसली नाही. उभ्यानेच एक कागद काढला. दुभाषी बाई पहिल्यांदाच अडखळली.

"पंचवीस फेब्रुवारीला तुमचे सुतार चाळीस होते. काल संध्याकाळी सहाशे बारा."

साहेब खोकलेच नाहीत. चष्मेवाल्याचे डोळे चष्म्यामागे मिटलेले.

"सहाशे बारा," ती परत म्हणाली. "आमच्या देशात एवढी लाकडं नाहीत." तिच्या बाजूचे हसले. ती हसली नाही. "म्हणूनच आम्ही काही उघडत नाही. बोटभर फट ठेवली तर खांदा घालता. यादी बंद."

माझ्या कानात हेडफोन गरम झाला. मला दिसत होते ते मिस्त्री. मागच्या दारात, माल उतरवतात तिथे, सकाळपासून उभे होते. नवा शर्ट घालून. माझ्या चार माणसांनी, माझ्या एका जिभेने त्यांची तीन वर्षं पाण्यात.

चष्मेवाला उठला. तो एरवी बोलत नाही. साहेबांच्या कानाशी लागला, साहेबांनी हात हलवला — कर काय करायचंय ते. तो म्हणाला, "ज्यांच्यासाठी आम्ही सही मागतोय ते चाळीसच. बोलणी सुरू झाली तो दिवस धरा. सतरा फेब्रुवारी. त्या सकाळी जे सुतार होते, तेवढेच. नंतरचा एकही नाही. हे यादीत नाही, यादीखालच्या टीपेत लिहू."

चांदीबाईने त्याच्याकडे बघितलं. उन्हात त्याच्या कपाळावर घाम चमकत होता. मग ती बसली. बसली म्हणजे होय! मी पेन पुढे केलं. घाईत टोपण खाली पडलं. मुकादम माझ्याकडे बघून म्हणाला, उचल.

सह्या झाल्या. चाळीस.

मी पळत मागच्या दाराशी. "मिस्त्री! झालं! तुमचं झालं!" त्यांनी दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं आणि हलवलं, सांधा बसलाय की नाही बघावं तसं. रडत होते. मीही. मग म्हणालो, "मिस्त्री, सहाशे बारा माझ्यामुळे झाले. मी चौघांना बोललो होतो."

"दोन तारखेलाच कळलं," म्हणाले. "तू मान खाली घातलीस तेव्हा." मग नाक पुसलं. "माझी बायको आली की तुझी ओळख करून देतो. हाच तो, म्हणेन. पुढचं ती बघेल. तिची जीभ पटाशीपेक्षा बरी चालते."

१४ मार्च, शुक्रवार

मिस्त्रींना मिळालं याचा आनंद आहे. खराच आहे. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढे शिव्या आहेत.

म्हटलं, ठीक आहे, आपलं नाही जमलं. तीन वर्षं सात महिने उरलेत, काढू. कार्ड फिरवून बघितलं तर मागे लिहिलेलं — मोजणी सुरू: ५ मार्च. खालच्या रकान्यात शून्य.

धावत धंदा-कचेरी. खिडकीवर तोच कारकून. "नवा धंदा, नवी मोजणी," म्हणाला. "सहीच्या वर लिहिलेलं होतं." त्या आठ-दहा ओळी!

म्हटलं, "मग मला परत हमाल करा."

"करतो की. पण मोजणी आजपासून. पुन्हा शून्य."

म्हटलं, दादा, दोन वर्षं पाच महिने मी खरंच काम केलंय, हॉलवर विचारा, खांदे बघा. बटण उघडायला लागलो. तो म्हणाला, "अरे, राहू दे. शिक्का पडला. तुझा एक कागद उघडला तर आत्ता मागे कोण आहेत बघ." वळून बघितलं. ड्रायव्हर, माळी, रंगारी, न्हावी-वेल्डर-सुतार. सगळे हातात कार्ड घेऊन उभे. माळी म्हणाला, "काय म्हणतो तो?"

मी काय सांगणार! चांदीबाईचंच वाक्य, दुभाषी बाईशिवाय, कारकुनाने सरळ माझ्या तोंडावर मारलेलं.

आणि उद्या पंधरा. हिची नोकरीची शेवटची तारीख. नाही कळवून बसली असेल, माझ्या शब्दावर.

१५ मार्च

फोन हातात धरून जिन्यात बसलो. लावला नाही.

१६ मार्च, रविवार

सांगून टाकलं, एका दमात. पुन्हा सहा वर्षं, आणि तुझी जागाही माझ्यामुळे गेली.

ही म्हणाली, "अहो, मी तीन तारखेपासून कामावर जातेय."

"आणि सांगितलं नाहीस?"

"तुम्ही केवढ्या उड्या मारत होतात! म्हटलं, कशाला मोडता घाला." पासपोर्ट काढलेलाच नाही. "काढ काढ म्हणालात. येशील का, असं एकदा तरी विचारलंत?"

चिडून फोन ठेवला. जिना उतरलो, चढलो, परत लावला. म्हटलं, एका ट्रेमध्ये हत्यारं किती असतात? सत्तावीस, म्हणाली, आणि कुठलं कशाला ते सांगायला लागली. दहा मिनिटं! तिला एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. शेवटी म्हणाली, तीन वर्षं मी हलत नाही, तुम्हीच येऊन जा, पोरीला नुसता फोन दाखवून किती दिवस काढायचे. घर माझ्या पगारात निम्मं भागतं, निम्मेच पाठवा, बाकीचे तिकिटाला ठेवा.

दर महिन्याला नऊ हजार जातात. आज पाठवतोय — साडेचार हजार.